उंदीर कोणता, हे आधी सांगा

डिसेंबर 2022मध्ये अमेरिकेने आपला औषधकायदा बदलला. नवे औषध माणसाला देण्याआधी प्राण्यांवर तपासलेच पाहिजे, ही 1938च्या कायद्यापासून चालत आलेली सक्ती त्या बदलाने उठली. एप्रिल 2025मध्ये तिथले औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, आणखी पुढे गेले. मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे प्रयोगशाळेत एकसारख्या घडवलेल्या अँटिबॉडींची औषधे, यांच्यापासून सुरुवात करून प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करायचा आराखडा त्याने जाहीर केला. तेव्हापासून पेटलेला वाद मी जमेल तितका वाचत आले आहे, आणि दर वेळी अस्वस्थ होते. एक बाजू म्हणते, उंदीर म्हणजे माणूस नव्हे, त्याच्यावरचे निष्कर्ष आपल्याला लागू पडत नाहीत, तेव्हा या मुक्या जिवांचे हाल थांबवा. दुसरी म्हणते, पेनिसिलिनपासून पुढचे सगळे उंदरांमुळे मिळाले, उंदीर सोडले तर माणसांचे जीव जातील. तळमळ दोन्हीकडची खरी आहे. पण दोघेही ज्या उंदराबद्दल भांडतात, तो उंदीर कुठल्याच प्रयोगशाळेत राहत नाही.

मराठीत 'उंदीर' हा शब्द एकवचनातही तोच आणि अनेकवचनातही तोच. एक उंदीर मेला, दहा उंदीर मेले. बोलायला ही सोय बरी, पण विचार करताना ती पायात येते. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. अँटिबायोटिक शरीरात गेल्यावर प्रतिकारयंत्रणा काय करील, हे बऱ्याच अंशी त्या शरीराच्या जनुकांवर ठरते. उंदरात ठरते तसेच माणसातही. म्हणून 'उंदरावर चाचणी केली' हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या वाणाच्या उंदरावर, किती वाणांच्या उंदरांवर, हे सांगितल्याशिवाय त्यातून होकारही काढता येत नाही आणि नकारही. उंदरांमधला हा फरक आपण गोंगाट समजून शंभर वर्षे बाजूला सारत आलो, आणि आपल्याला हवे असलेले उत्तर नेमके त्या फरकात होते.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण एका भांड्यातली सगळी शिते एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेली असतात. प्रयोगशाळेतली वाणे तर त्याच्याही पुढची. सख्ख्या भावंडांचा संकर सलग किमान 20 पिढ्या केला की वाण शुद्ध मानतात, आणि मग त्यातला प्रत्येक उंदीर दुसऱ्याची जवळजवळ हुबेहूब नक्कल असतो. क्लॅरेन्स कुक लिटल या जनुकशास्त्रज्ञाने विद्यार्थिदशेत, 1909मध्ये, डीबीए हे असे पहिले वाण जोपासायला घेतले. 1921मध्ये त्याने 57 क्रमांकाच्या मादीपासून काळ्या उंदरांचा वंश सुरू केला आणि 1929मध्ये मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॅक्सन प्रयोगशाळा उभी केली. त्या मादीच्या वंशातले 'सी57 ब्लॅक 6' हे वाण आज जगात सर्वाधिक वापरले जाते. 2002मध्ये उंदराचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तोही याच वाणाचा. वाण शुद्ध करण्यामागचा हेतू चांगला होता. एका प्रयोगशाळेतला निष्कर्ष दुसरीत पुन्हा यावा, औषधाचा परिणाम आणि प्राण्याप्राण्यातला फरक यांची सरमिसळ होऊ नये. त्या शिस्तीशिवाय प्रतिकारशास्त्र उभेच राहिले नसते. पण शीत आपल्या भांड्याबद्दलच सांगते. शेजारी वेगळा तांदूळ वेगळ्या आचेवर चढला असेल, तर त्याची परीक्षा या शितावरून कशी होणार?

हा फरक अँटिबायोटिकच्या बाबतीत इतका का महत्त्वाचा, ते पेनिसिलिनवरून नीट कळते. पेनिसिलिनचा रेणू फार लहान असतो. इतक्या लहान गोष्टीची प्रतिकारयंत्रणा एरवी दखलही घेत नाही. पण त्याच्यातली चार अणूंची ताणलेली कडी शरीरात उघडते आणि रेणू आपल्याच रक्तातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो. आता ते प्रथिन ओळखीचे राहत नाही. घरच्याच माणसाने परका मुखवटा चढवावा तसे ते दिसू लागते. एकट्याने दखल घ्यायला न लावणाऱ्या, पण प्रथिनावर स्वार झाल्यावर प्रतिकार जागवणाऱ्या अशा लहान रेणूंना कार्ल लँडस्टायनर याने 'हॅप्टेन' असे नाव दिले. पुढची पायरी जनुकांची. आपल्या पेशी प्रथिनांचे तुकडे करून ते पृष्ठभागावरच्या एका खोबणीत मांडतात आणि टी-पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या पहारेकरी पेशी, येऊन ते तपासतात. ही खोबण घडवणारी जनुके उंदरात एच-2 आणि माणसात एचएलए नावाने ओळखली जातात. प्राणिजगतात इतकी विविधता असलेली जनुके फार थोडी सापडतील. खोबणीचा आकार बदलला की तिच्यात बसणारा तुकडा बदलतो. एकाच्या खोबणीत औषध चिकटलेला तुकडा ठळकपणे मांडला जातो, दुसऱ्याच्या खोबणीत तो बसतच नाही. औषध तेच, मात्रा तीच. एकाच्या अंगावर गांधी उठतात, दुसऱ्याला काहीच होत नाही.

हे कसे कळले, ती हकिकत या वादात कोणी सांगत नाही, म्हणून मला ती मुद्दाम सांगायची आहे. 1960च्या दशकाच्या आरंभी बर्नार्ड लेव्हिन पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीचे रसायन उलगडत होता. त्याने आणि बारुज बेनासेराफने गिनीपिगना लायसिन या अमिनो आम्लाच्या साखळीला जोडलेले हॅप्टेन टोचले. काही प्राण्यांनी जोरदार प्रतिसाद दिला, काहींनी अजिबात नाही. मधली अवस्था नव्हतीच. दुसरा कोणी असता तर 'निकाल विस्कळीत आले' म्हणून वही मिटून मोकळा झाला असता. या दोघांनी त्या प्राण्यांची संतती वाढवली, आणि प्रतिसाद देण्याची क्षमता मेंडेलच्या वाटाण्यांसारखी, एकाच प्रभावी जनुकाच्या हिशेबाने, पुढच्या पिढीत उतरताना दिसली. मग शुद्ध वाणे तपासली: वाण 2मधले सगळे प्रतिसाद देणारे, वाण 13मधला एकही नाही. आता विचार करा, सुरुवातच फक्त वाण 2 घेऊन झाली असती तर? सगळ्या प्राण्यांनी सारखा प्रतिसाद दिला असता, निष्कर्ष नीटनेटका लागला असता, आणि प्रतिकारशक्तीला जनुकांचा लगाम असतो हे तेव्हा कळलेच नसते. शोध लागला तो मिश्र वंशाचे प्राणी घेतल्यामुळे. बेनासेराफला 1980मध्ये नोबेल मिळाले, जॉर्ज स्नेल आणि जाँ दोसे यांच्यासोबत. त्यातल्या स्नेलने आयुष्य घातले होते उंदरांच्या एच-2 जनुकांवर, बार हार्बरमध्येच.

उंदरांची साक्षही लगोलग आली. 1965मध्ये ह्यू मॅक्डेव्हिट आणि मायकल सेला यांनी दाखवले की एका कृत्रिम प्रथिनाविरुद्ध सी57 वाण भरपूर अँटिबॉडी तयार करते आणि सीबीए वाण फारच थोड्या. थोड्याच वर्षांत हा फरक एच-2 जनुकांपाशी येऊन पोहोचला. 1970मध्ये नेल्सन वाझ आणि लेव्हिन यांनी वेगवेगळ्या वाणांच्या उंदरांना प्रतिजनांच्या, म्हणजे प्रतिकार जागवणाऱ्या पदार्थांच्या, लहान मात्रा पुन्हा पुन्हा टोचल्या. त्या कामात प्रथिनाला जोडलेले पेनिसिलिनही होते. प्रतिसाद कोण देणार हे एच-2 प्रकाराशी बांधलेले निघाले, आणि वाण, प्रतिजन व मात्रा यांचा मेळ बदलला की निकाल बदलत होता. म्हणजे 'उंदराला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी होते का' या प्रश्नाला उत्तर नाही हे पन्नास वर्षांहून अधिक काळ आपल्याला ठाऊक आहे. तरीही आपण तोच प्रश्न तसाच विचारतो.

फरक फक्त खोबणीतच असतो असेही नाही. अनेक अँटिबायोटिके जिवाणू फोडतात, आणि फुटलेल्या जिवाणूच्या भिंतीतून एंडोटॉक्सिन नावाचे विष बाहेर पडते. औषध जिवाणूला मारत असतानाच शरीराचा दाह भडकतो तो त्यामुळे. सी3एच/एचईजे नावाचे उंदीर मात्र एंडोटॉक्सिन टोचले तरी ढिम्म राहतात. हे 1960च्या दशकापासून माहीत होते. 1998मध्ये ब्रूस बॉइट्लरच्या गटाने कारण शोधले: टीएलआर4 या जनुकात एका अमिनो आम्लाचा बदल. इतर वाणे ज्या इशाऱ्याने पेटून उठतात तो इशारा या उंदरांना ऐकूच येत नाही. जिवाणूची चाहूल लागण्याचे एक मूळ दार त्यातून सापडले, आणि 2011च्या नोबेलमध्ये बॉइट्लरचा वाटा त्याचा होता. एका वाणाचा विचित्रपणा कोणीतरी गंभीरपणे घेतला, एवढेच घडले होते.

वादाचे स्वरूप पाहिले की मला रक्तसंक्रमणाचा इतिहास आठवतो. 1818मध्ये लंडनच्या जेम्स ब्लंडेलने माणसाचे रक्त माणसाला दिले. पुढची ऐंशी वर्षे डॉक्टर भांडत राहिले. काही रोगी वाचत होते, काही तासाभरात मरत होते. ज्यांनी वाचलेले पाहिले ते म्हणत उपाय उत्तम, ज्यांनी मेलेले पाहिले ते म्हणत हा खून आहे. दोघांचे निरीक्षण खरे होते आणि दोघांचाही प्रश्न चुकला होता. माणसाचे रक्त माणसाला चालते का, असे विचारल्यावर दुसरे काय होणार? 1901मध्ये लँडस्टायनरने रक्तगट दाखवले आणि प्रश्नच बदलला: कोणाचे रक्त, कोणाला? हॅप्टेनची संकल्पना मांडणारा हा तोच लँडस्टायनर. माणसामाणसातला फरक ही अडचण नसून माहिती आहे, हे त्याने एका आयुष्यात दोनदा दाखवले. उंदरांच्या बाबतीत आपण अजून ब्लंडेलच्या काळात अडकलो आहोत.

आता विरोधकांचे मुद्दे. त्यातले काही खरोखर वजनदार आहेत आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवे. पहिला नेहमी गिनीपिगचा येतो. 25 मे 1940 रोजी ऑक्सफर्डमध्ये, पेनिसिलिनचे औषध घडवणाऱ्या हॉवर्ड फ्लोरीच्या गटाने आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकाय या जिवाणूंची प्राणघातक मात्रा टोचली आणि त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिले. सकाळपर्यंत औषध न दिलेले चारही मेले होते, दिलेले चारही जिवंत होते. तीन वर्षांनी दिसून आले की पेनिसिलिन गिनीपिगना मारते. त्या मे महिन्यात पिंजऱ्यात उंदरांऐवजी गिनीपिग असते तर पेनिसिलिन तिथेच संपले असते, मग प्राण्यांवरच्या चाचण्या म्हणजे नशिबाचा खेळच नाही का? या युक्तिवादात एक सत्य आहे: एका प्राण्यावर सगळा निर्णय टांगणे हा खरेच नशिबाचा खेळ. पण गिनीपिगने खोटी साक्ष दिली का? औषधाने त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंची घडी विस्कटत होती आणि घातक जिवाणू माजत होते. 1970च्या दशकाच्या अखेरीस, क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या हॅमस्टरवरच्या कामातून, अँटिबायोटिकनंतर माणसांना होणाऱ्या गंभीर कोलायटिसमागे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दाहामागे, क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल हा जिवाणू असल्याचे उघड झाले. गिनीपिग ज्या धोक्याची घंटा वाजवत होता तो धोका माणसालाही होता. आपल्याला 'औषध चालते की नाही' एवढेच ऐकायचे होते, म्हणून बाकीचे ऐकू आले नाही.

दुसरा मुद्दा अधिक कठीण आहे. माणसाला होणाऱ्या औषधांच्या गंभीर रिअ‍ॅक्शन साध्या उंदरात सहसा उमटतच नाहीत. त्याला एचएलए नाही, त्याचा अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणा झटका, तोसुद्धा माणसापेक्षा वेगळ्या वाटांनी घडू शकतो. हे मी पूर्ण मान्य करते. 2013मध्ये भाजणे, जखमा आणि एंडोटॉक्सिन यांना माणसाची व उंदराची जनुके कसा प्रतिसाद देतात याची तुलना प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष होता की दोघांचे फारसे जमत नाही, आणि 'उंदरावरचे संशोधन वाया' असे मथळे सगळीकडे झळकले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी तीच माहिती वेगळ्या निकषाने तपासून साम्य भरपूर असल्याचा दावा केला. दोन्ही बाजूंनी ते लेख एकमेकांच्या अंगावर फेकले. माणसांच्या बाजूला वेगवेगळ्या वंशांचे, वयांचे, आजारांचे रोगी होते, आणि उंदरांच्या बाजूला मुख्यतः तोच सी57 ब्लॅक 6. गावाची तुलना एका माणसाशी केली, आणि भांडण मात्र 'गाव माणसासारखे आहे का' यावर. हे किती जणांच्या लक्षात आले?

शिवाय रिअ‍ॅक्शन का उमटत नाही हेही शोधता येते, आणि ते शोधताना जनुकेच कामी येतात. अबाकाविर हे एचआयव्हीविरोधी औषध आहे, अँटिबायोटिक नव्हे, पण त्याचे उदाहरण इथे चपखल बसते. ज्यांच्याकडे एचएलए-बी*57:01 हा प्रकार आहे त्यांना त्याची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. संशोधकांनी तेच मानवी जनुक उंदरात घातले. तरी काही झाले नाही. उंदीर निरुपयोगी म्हणून तिथे थांबता आले असते. ते थांबले नाहीत. 2018मध्ये दिसले की सीडी4 टी-पेशी, म्हणजे टी-पेशींचा एक प्रकार, काढून टाकल्या की त्याच उंदरांना त्वचेची रिअ‍ॅक्शन येते. जनुक दार उघडते, पण दारावर दुसरे पहारेकरीही असतात, आणि जनुक असूनही कित्येक माणसे सुरक्षित का राहतात याचा एक धागा तिथे हाती लागला. रिअ‍ॅक्शन न देणारा उंदीरही असे काही सांगून जातो.

तिसरा मुद्दा परिस्थितीचा, आणि माझ्या मते सगळ्यात ताकदीचा. जनुके सारखी असूनही प्रतिकारयंत्रणा वेगळी असू शकते. 2009मध्ये उघड झाले की एका पुरवठादाराकडच्या सी57 ब्लॅक 6 उंदरांच्या आतड्यात टीएच17 या प्रतिकारपेशी भरपूर असतात आणि दुसऱ्याकडच्या त्याच वाणात फार कमी, कारण पहिल्यांच्या आतड्यात धाग्यासारखे एक विशिष्ट जिवाणू राहतात. तेच वाण, तेच नाव, वेगळा पिंजरा. 2019मध्ये या वाणाचे भ्रूण रानटी उंदरांच्या माद्यांच्या गर्भात वाढवले गेले. जन्मलेल्या पिल्लांची जनुके प्रयोगशाळेतली होती आणि अंगावरचे-आतले जिवाणू रानातले. 2006मध्ये लंडनमध्ये टीजीएन1412 या अँटिबॉडीने सहा निरोगी स्वयंसेवकांना मरणाच्या दारात नेले होते आणि नेहमीच्या उंदरांनी त्याची पूर्वसूचना दिली नव्हती. या रानटी पोटाच्या उंदरांनी त्या प्रकारच्या औषधाला दिलेला प्रतिसाद माणसाच्या जवळचा निघाला. मग जनुकांना काय अर्थ उरला? मला वाटते, इथेच युक्तिवाद घसरतो. परिस्थितीचा हा परिणाम दिसला तो जनुके पक्की बांधून ठेवल्यामुळेच. आणि परिस्थिती सगळ्या जनुकांवर सारखी काम करत नाही. दाहाला आवर घालणारे आयएल-10 हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना नेहमीच्या पिंजऱ्यात कोलायटिस होतो, निर्जंतुक वातावरणात होत नाही, आणि अँटिबायोटिक दिले की तो ओसरतो. साध्या उंदराला त्याच पिंजऱ्यात, त्याच जिवाणूंसह, काहीच होत नाही. इथे दोष जनुकाचा म्हणायचा की जिवाणूंचा? बी आणि माती यांपैकी पीक कोणाचे, असे शेतकरी कधी विचारतो का? तो कोणत्या मातीत कोणते बी घालायचे एवढे पाहतो.

चौथा आक्षेप संख्येचा. अनेक वाणे म्हणजे अधिक प्राणी, अधिक हाल. हा आक्षेप मला मनापासून बोचतो, कारण पिंजऱ्यातल्या जिवाची वेदना मी हिशेबाबाहेर ठेवू शकत नाही. पण हिशेब तसा नाही. चाळीस उंदीर एकाच वाणाचे घ्यायचे की चार वाणांचे दहा-दहा, असा तो प्रश्न आहे. मायकल फेस्टिंग या संशोधकाने हे दशकानुदशके सांगितले आणि 2001मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकवरच दाखवून दिले. हे औषध अस्थिमज्जेवर, म्हणजे प्रतिकारपेशी जिथे जन्मतात तिथेच, घाव घालू शकते. अनेक शुद्ध वाणांचे थोडे-थोडे उंदीर घेतले तेव्हा वाणावाणांतले फरक तर दिसलेच, शिवाय मिश्र वंशाचे उंदीर सरसकट वापरण्यापेक्षा ही मांडणी अधिक संवेदनशील ठरली. प्राणी तेवढेच, माहिती जास्त. ज्या प्रयोगातून अर्धवट उत्तर निघते आणि तो पुन्हा करावा लागतो, त्या प्रयोगातला प्राणी फुकट मेला असे मी समजते. 'गोंगाट वाढेल' ही भीती आपण आधीही ऐकली आहे. मादी उंदीर नकोत, त्यांच्या ऋतुचक्राने निकाल विस्कटतात, असे सांगून वर्षानुवर्षे नरच वापरले गेले. 2014मध्ये शेकडो अभ्यासांची मोजदाद झाली तेव्हा माद्या नरांपेक्षा अधिक अस्थिर निघाल्या नाहीत. तोवर अर्ध्या मानवजातीला लागू होणारे प्रश्न कोणी विचारलेच नव्हते.

आणखी एक भीती आहे, तिचा मला आदर वाटतो: सगळे जनुकांवर घातले की माणसाच्या कपाळावर शिक्का बसतो. शिक्क्याची किंमत मी घरात पाहिली आहे. माझ्या आईच्या फाईलवर तीस वर्षे लाल शाईने 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' लिहिलेले होते. लहानपणी तापात कधीतरी पुरळ उठले होते, एवढाच त्याला आधार. पुढे प्रत्येक डॉक्टरने ते वाचून दुसरे, अधिक जहाल औषध दिले. तपासून पाहू असे कोणी म्हणाले नाही, आणि आम्हालाही सुचले नाही. असा शिक्का असलेल्यांपैकी दहातल्या नऊहून अधिक जणांना, नीट चाचणी केली तर, पेनिसिलिन चालते. पण हा शिक्का जनुकांनी मारला नव्हता, तो मारला होता 'एकदा पुरळ म्हणजे कायमची अ‍ॅलर्जी' या ढोबळ समजुतीने. जनुकांचे ज्ञान उलट दिशेने काम करते, ते नेमकेपणा आणते. तेच एचएलए-बी*57:01 घ्या. अबाकाविर दिले तर ते बाळगणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना रिअ‍ॅक्शन येते. म्हणून आधी चाचणी करतात. 2008मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दोन हजार रोग्यांच्या अभ्यासात चाचणी केलेल्या गटात त्वचाचाचणीने पक्की झालेली एकही रिअ‍ॅक्शन आढळली नाही. फ्लुक्लॉक्सासिलिन हे पेनिसिलिनच्या कुटुंबातले अँटिबायोटिक. त्याने यकृताला इजा होण्याचा धोका याच जनुकामुळे सुमारे ऐंशी पटींनी वाढतो, हे 2009मध्ये कळले. तरीही जनुक बाळगून ते औषध घेणाऱ्या पाचशे ते हजार जणांत एखाद्यालाच ती इजा होते. एकच जनुक, दोन औषधे: एकीकडे चाचणी करून टाळणे शहाणपणाचे, दुसरीकडे त्या एका जनुकावरून शेकडो लोकांना चांगले औषध नाकारणे अन्यायाचे. व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकच्या गंभीर रिअ‍ॅक्शनशी एचएलए-ए*32:01चा संबंध 2019मध्ये दिसला, कुष्ठरोगावरच्या डॅप्सोनच्या रिअ‍ॅक्शनशी एचएलए-बी*13:01चा 2013मध्ये. प्रत्येक जोडीचे गणित वेगळे. त्यातले किती जनुकाचे, किती इतर पहारेकऱ्यांचे, हे टप्प्याटप्प्याने उलगडायला वेगवेगळ्या जनुकांचे प्राणी लागतात. आठ मूळ वाणांच्या संकरातून घडवलेला 'कोलॅबोरेटिव्ह क्रॉस' हा उंदरांचा संच नेमका अशाच कामासाठी आहे. त्या आठांत तीन वाणे थेट रानटी उंदरांपासून आलेली आहेत.

प्राण्यांऐवजी आता चिपवर वाढवलेल्या मानवी पेशी येणार म्हणून हा सगळा प्रश्न जुना झाला, असे आज सांगितले जाते. मला त्या चिप हव्या आहेत. त्यांच्यामुळे एक जरी पिंजरा रिकामा झाला तरी मला आनंद होईल. पण चिपवरच्या यकृतपेशी कोणाच्या? एका दात्याच्या असतील, तर त्याच्या खोबणीत जे औषध बसत नाही ते आपल्याला निर्धोक दिसेल, आणि ज्याच्या खोबणीत ते बसते तो माणूस पुढे रुग्णालयात भेटेल. हे आपण एकदा केलेले आहे. 1951मध्ये हेन्रिएटा लॅक्स या एका स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या पेशी सात दशके जगभर 'मानवी पेशी' म्हणून वापरल्या गेल्या. उंदराच्या जागी चिप ठेवली आणि प्रश्न तोच ठेवला, तर 57 क्रमांकाच्या मादीच्या जागी एक अनाम दाता येईल, इतकाच बदल. एप्रिल 2025च्या आराखड्याची अंमलबजावणी अजून घडते आहे, सवयी अजून पडायच्या आहेत. चिपसाठी पेशी देणाऱ्या प्रत्येक दात्याच्या एचएलए प्रकाराची नोंद, आणि अँटिबायोटिकसारख्या औषधांसाठी निरनिराळ्या एचएलए प्रकारांच्या दात्यांचा किमान संच, या दोन अटी आत्ता घालता येतील. तोवर जे प्रयोग उंदरांवर होतच राहणार आहेत, त्यांच्या अहवालाच्या पहिल्या ओळीत, मथळ्यातच, वाणाचे नाव आणि पुरवठादार यायला हवेत.